ओळ सात, रोप एकोणीस

माग विकले, पण मागाची खोली ठेवली.
पत्रे काढले, भिंती तशाच.
जमिनीतला तेलाचा वास दोन पावसाळे टिकून राहिला
आणि तिसऱ्या वर्षी तिथं अ‍ॅस्टर उगवले.

वडगावात तोंडावर कुणी हसलं नाही.
पाठीमागून म्हणाले,
शट्टुप्पा आता फुलांची लग्नं लावतोय.

तसं खोटं नव्हतं ते.
आई पांढरी, दुहेरी पाकळ्यांची, नर्सरीतली.
बाप जांभळा, एकेरी, खानापूर रस्त्याला
एका शाळेच्या कुंपणाशी आपोआप आलेला.
उमलायच्या आदल्या संध्याकाळी
मधल्या पिवळ्या नळ्या एकेक करून उपटायच्या,
ज्या चिमट्यानं तीस वर्षं साडीतल्या गाठी उचलल्या
त्यानंच.
एक राहिली तरी फूल स्वतःचं स्वतःलाच लावून घेतं.
मग वर कागदाची पिशवी, दोऱ्याचा सैल फास.
मधमाश्या पिशवीवर येऊन बसायच्या
वसुलीला आल्यासारख्या.

मला काय हवं ते नीट माहीत होतं:
जांभळं अंग, पांढरा काठ.
केसाएवढाच,
पण पाकळीभर फिरताना कुठं न तुटणारा.
असा काठ विणायला मला एक दिवस लागायचा.
फुलात घालायला नऊ वर्षं गेली, आणि तरी
‘घातला’ म्हणायची माझी छाती नाही.

पहिल्या पिढीत सगळी जांभळी,
शाळेच्या गणवेशासारखी.
दुसरीत तीनशे बारा रोपं, आणि काय काय निघालं त्यातून:
फिकी, गुलाबी, मातकट,
एक तर आठ दिवसांच्या मुक्या माराच्या रंगाचं.
सगळ्यांना वहीत नंबर.
वहीही मागाचीच, डाव्या पानांवर अजून
कुणाकडं किती उधारी राहिली ते.

निवड म्हणजे उपटणं. हे पुस्तकात एका ओळीत असतं.
सकाळी सातला मी वाफ्यात शिरायचो
आणि नऊपर्यंत चांगली, निरोगी, फुलायला आलेली रोपं
मुळासकट भिंतीपलीकडं पडलेली असायची.
तुळसा म्हणायची, “निदान देवाला तरी घालूया की वो.”
मी गप्प. हात चालूच.

पाचव्या वर्षी ओळ सात, रोप एकोणीस.
खुरटं, पान वाकडं, कळीच धरेना.
उपटलं. वहीत काट मारली.

दिवाळीनंतर भिंतीपलीकडून गौरव्वाची हाक.
तिचं मराठी मीठ-भाकरीपुरतं,
माझं कन्नड बाजारापुरतं,
शेजार चाळीस वर्षांचा.
“अंचु बंदैती, नोड्री.”

न्हाणीच्या पाण्यावर, फुटक्या घागरीत,
मी फेकलेलं काहीतरी उभं होतं.
दांड्याला माझाच दोरा, माझीच चिठ्ठी,
पेन्सिलीनं ७/१९.
दोन फुलं.
एकाला काठ नव्हता.
एकाला होता.

मी भिंतीवर हात ठेवून बराच वेळ काही बोललो नाही.
तिला वाटलं, न विचारता घेतलं म्हणून रागावलोय.
घागर उचलून द्यायलाच लागली.
म्हटलं, असू दे. तुमच्याच पाण्यावर असू दे.

अ‍ॅस्टरचं बी फार दिवस थांबत नाही,
वर्ष ओलांडलं की त्यातला जीव जातो.
जूनमध्ये चाळीस टाकली, अकरांना काठ आला.
पुढल्या साली निम्म्यांना.
यंदा शंभरात सत्तर.

नर्सरीवाला विचारतो, नाव काय ठेवलंय?
मी म्हणतो, सात एकोणीस.
तो म्हणतो, हे काय नाव झालं?
हा तर कोर्टातल्या खटल्याचा नंबर वाटतोय.
भिंतीपलीकडं तिचं नाव ठरून गेलेलं आहे,
मलाही तेच तोंडात येतं,
पण पाटीवर लिहायला घेतलं की
कुठल्या अक्षरात, इथं हात थांबतो.

उरलेली तीस अजून उपटतोच.
आता फेकत नाही, भिंतीवर मांडून ठेवतो,
मुळं ओल्या फडक्यात.
चहा पिऊन येईस्तोवर
भिंत मोकळी असते.